महालातली हाक

डोईफोडियात हिवाळ्याची रात्र लवकर गडद होते. परवा जेवणे आटोपल्यावर मुलीला म्हटले, "चल, 'महल' बघू." ती हसली, "ब्लॅक अँड व्हाइट? त्यात कसली आलीय भीती!" मी काही बोललो नाही. फक्त दिवा मालवला.

'महल' १९४९चा, मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा. कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केलेला पहिलाच चित्रपट. नायक अशोककुमार आमच्या खांडव्यात वाढलेले. २००३ पर्यंत बुऱ्हाणपूरही त्याच जिल्ह्यात होते, म्हणून ते आम्हाला घरचेच वाटतात. नदीकाठचा ओसाड महाल, भिंतीवर हुबेहूब नायकासारखी तसबीर, रात्री दोनचे ठोके आणि झोपाळ्यावर मधुबाला. रक्त नाही, अक्राळविक्राळ चेहरा नाही. जर्मन छायालेखक जोसेफ विरशिंग यांनी उजेड थोडा दिला, बाकी सगळे काम अंधारावर सोपवले.

मग खेमचंद प्रकाश यांचे 'आयेगा आनेवाला' सुरू झाले. लताबाई माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या, असे त्यांनीच सांगितले आहे. त्यामुळे आवाज कुठून येतोय ते कळत नाही. मुलगी हळूच माझ्याजवळ सरकली.

मला आजोळची, धारवाडकडची आठवण झाली. नव्वदच्या दशकात कर्नाटकात लोक दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असे लिहीत. भूत ओळखीच्या आवाजात हाक मारते म्हणे! आपल्या मराठी घरांतही रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असे म्हातारी माणसे सांगतात. भाषा दोन, भीती एकच.

पण 'महल'मधले भूत शेवटी माळ्याची मुलगी निघते. खरी भीती आहे ती रंजनाची, नायकाच्या लग्नाच्या बायकोची. नवरा सावलीसाठी झुरतो आणि शेजारच्या जिवंत माणसाकडे त्याचे लक्षच नसते. अखेर ती विष घेते आणि मरताना त्याचा आळ नवऱ्यावर घालते. भूत नसलेल्या महालापायी एक बाई मात्र जिवानिशी गेली.

चित्रपट संपला. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, त्या बायकोशी कुणी धड बोललेसुद्धा नाही हो."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. तेवढ्यात आतून हाक आली, "झाला का तुमचा सिनेमा?"

या पहिल्या हाकेला मात्र मी लगेच ओ दिली.