पाण्याची चावी कुणाच्या हाती?

पहाटे चारला उठून नळावर हंडे लावणाऱ्या आयाबहिणींना आम्ही एक प्रश्न विचारतो. कोणत्या गल्लीला आधी पाणी आणि किती वेळ, हे ठरवतो कोण? आपण म्हणतो, नशीब! नशीब कसले? पाइप कुठून न्यायचा हे कागदावर आखणारा एक इंजिनिअर असतो. आज अशाच एका इंजिनिअरची ओळख करून देत आहोत.

कंबोडियाच्या राजधानीचे नाव नॉम पेन्ह. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने हे शहर ओस पाडले. देशात लाखो माणसे मेली. त्यातून वाचलेले विजेचे एक इंजिनिअर म्हणजे एक सोन चान. (‘एक’ हे त्यांचे आडनाव, आपला आकडा नव्हे!) १९९३ साली त्यांच्याकडे शहराचे पाणीखाते आले. खाते कसले, चाळणीच ती. सोडलेल्या शंभर लिटरपैकी ७२ लिटरचा पैसा येत नसे. काही गळती, काही चोरी. नळाला पाणी दिवसातून दहाच तास. खात्यातलीच माणसे चोरून नळ जोडून देत. आणि नळ नसलेला गरीब पाणीवाल्याकडून कितीतरी महाग पाणी विकत घेई.

चानसाहेबांनी सुरुवात स्वतःच्या खात्यापासून केली. चोरीत सापडलेल्याला घरी पाठवले, चांगले काम करणाऱ्याला बक्षीस दिले. जुने पाइप बदलले, घरोघर मीटर बसवले. बिल सर्वांना, मोठ्यांनाही. एका लष्करी अधिकाऱ्याने मीटर लावू दिले नाही, उलट बंदूक रोखली. चानसाहेब तेव्हा परतले, पण सशस्त्र पोलीस घेऊन पुन्हा गेले आणि त्याचे पाणी तोडले.

गरिबांचे काय? त्यांना नळजोडणीच्या खर्चात सवलत दिली, अगदी गरिबाला जोडणी फुकट. पाण्याचे बिल मात्र त्यांनीही भरायचे. गरीब बिल बुडवतो, हा समज खोटा ठरला. पुढे चोवीस तास पाणी आले, वाया जाणारे पाणी दहा टक्क्यांच्याही खाली गेले. २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बंधूभगिनींनो, ही गोष्ट आपल्याला का सांगावी? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, ते माणूसपणाच्या हक्कासाठी. तळे खुले झाले, पण पाण्याची आणि गटाराची आखणी अजून दुसरेच करतात. गटारात माणूस उतरवू नये म्हणून २०१३ साली कायदा झाला, तरी माणसे गुदमरून मरतच आहेत. मॅनहोलपर्यंत यंत्र पोहोचेल असा रस्ता आखणारा आपला असता, तर त्याला ती माणसे आठवली असती.

म्हणून दहावीला बसलेल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे. सिव्हिल डिप्लोमा तीन वर्षांचा असतो. पुढे नगरपालिका, जिल्हा परिषद, जीवन प्राधिकरण येथे कनिष्ठ अभियंत्याच्या जागा निघतात. जाहिरातीवर लक्ष ठेवा, गणित सोडू नका. आणि आईबापांनो, मुलगी म्हणाली ‘मला पाइपलाइनचे शिकायचे आहे’, तर हसू नका. हंड्याचे वजन तिला ठाऊक आहे.

खुर्ची मिळाली की मात्र पहाटे चारची ती रांग विसरू नका.