खोटं बोलणारा सेन्सर



मागच्या अंकातला टायरच्या हवेवरचा लेख वाचून बऱ्याच जणांनी फोन केले, त्याबद्दल आभार. या वेळचा विषयही हवेचाच आहे, पण इंजिनातल्या हवेचा. आणि या वेळी फसता फसता वाचलेला माणूस मी स्वतः आहे.

दिवाळीत आईला घेऊन साक्रीला जायचं ठरलं होतं. व्यारा, सोनगड, नवापूर आणि मग कोंडाईबारीचा घाट, हा रस्ता आपल्यातल्या निम्म्या घरांना पाठ आहे. निघायच्या दहा दिवस आधी आमच्या टर्बो पेट्रोल गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. ॲव्हरेजही पंधरावरून अकरावर आलं होतं. गाडी एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी ०१७१, म्हणजे ‘मिश्रण लीन’. लीन म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पाच मिनिटांत निकाल लागला: पेट्रोल पंप कमजोर आहे, इंजेक्टरही बदला, चोवीस हजार होतील. सोसायटीत विचारलं तर एकच उत्तर: “हे सगळं इथेनॉलमुळे!”

चोवीस हजार म्हणजे आमची दिवाळीच. म्हणून उधन्याच्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने बॉनेट उघडण्याआधी खाली वाकून सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट.

“काका, पेट्रोल कमी पडत असतं तर एवढी काजळी आली असती का?”

मी गप्प. चुलीत लाकूड कमी आणि हवा भरपूर असेल तर भांडं काळं होत नाही, हे आपल्याला घरातच कळतं. स्पार्क प्लग काढले, तेही काळे. म्हणजे इंजिन पेट्रोल जास्त पीत होतं आणि सेन्सर सांगत होता की कमी पडतंय. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत होतं.

इथे थोडं शास्त्र. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पण सायलेन्सरच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही. जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, तेवढंच त्याला कळतं. असा सेन्सर गाडीत पहिल्यांदा १९७६ साली आला. बॉशने बनवला आणि व्होल्वोने लावला. ऑक्सिजन जास्त दिसला की गाडीचा कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडतंय आणि आणखी पेट्रोल सोडतो. तो ऑक्सिजन इंजिनातून आला की बाहेरून घुसला, हे बिचाऱ्याला कळायला मार्ग नाही.

मिस्त्रीने स्कॅनरवर पेट्रोलची दुरुस्ती किती टक्के चालली आहे ते दाखवलं. गाडी जागेवर उभी असताना अधिक २२, तीन हजार आरपीएमला अधिक ६. या दोन आकड्यांतच सगळी गोष्ट होती.

पंप कमजोर असता तर जास्त पेट्रोल लागताना, म्हणजे चढावर आणि जोरात पळवताना, कमतरता वाढली असती. इथे उलटं होतं. पंप सुटला.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला किलोमागे सुमारे १३.५ किलोच हवा लागते आणि कॉम्प्युटरला थोडं जास्त पेट्रोल सोडावं लागतं, हे खरं. पण तो फरक उभ्या गाडीत आणि पळत्या गाडीत जवळपास सारखाच दिसतो. २२ आणि ६ असा दिसत नाही. इथेनॉलही सुटलं.

उरल्या दोन शक्यता. एक, इंजिनात जाणाऱ्या हवेच्या नळीला गळती. तिथे धूर सोडून पाहिला, कुठूनही बाहेर आला नाही. दुसरी, सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या नळीला गळती. मी विचारलं, “आतून धूर जोरात बाहेर येतोय, मग बाहेरची हवा आत कशी जाईल?” तो म्हणाला, धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये नळीत क्षणभर ओढ तयार होते आणि फटीतून हवा आत येते. इंजिन जोरात फिरलं की धक्के जवळजवळ येतात, धूरही वाढतो, म्हणून आत येणारी हवा नगण्य होते.

रात्रभर गाडी त्याच्याकडेच ठेवली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं तर टिक-टिक आवाज, दहा मिनिटांत बंद. लोखंड तापून फुगलं की फट दबते. मग इंजिन थंड करून सायलेन्सरच्या टोकातून ब्लोअरने हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. टर्बो आणि त्याखालची नळी जिथे जुळतात तिथे बुडबुडे! गेल्या पावसाळ्यात टर्बो उतरवला होता, तेव्हा जुनंच गॅस्केट परत बसवलं गेलं होतं. नवं गॅस्केट, नवे नट आणि मजुरी मिळून एकोणीसशे रुपये. आठवड्याने दुरुस्ती अधिक ३ वर आली.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. दोन महिने आई म्हणत होती, “गाडीत बसलं की डोकं जड होतं.” आम्ही उन्हावर ढकललं. कारण तेच होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण फट होती बॉनेटखाली, एसीची हवा तिथूनच आत येते आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरातलं कुणी असं म्हणालं तर काचा उघडा आणि आधी गाडी तपासून घ्या.

आणि या लेखावरून ‘लीन आलं म्हणजे सेन्सर खोटा’ असंही समजू नका. टर्बो गाडीत भर वेगात खरंच पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन जळू शकतो. म्हणून मिस्त्रीला एवढंच विचारा: उभ्या गाडीत आकडा किती, पळत्या गाडीत किती, आणि प्लग कोणत्या रंगाचे? उत्तर न देता पार्ट बदलायला निघाला, तर चावी परत घ्या.

साक्रीला आम्ही वेळेवर पोचलो. घाटात आई झोपली होती. घरी उतरल्यावर म्हणाली, “आज डोकं हलकं वाटतंय.”

पुढच्या अंकात बॅटरीविषयी बोलू.