दर्शनाची मर्यादा

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर ग्लेशियर बे नावाचा उपसागर आहे. तेथे उन्हाळ्यात स्वतःची होडी घेऊन जावयाचे, तर केवळ हौस आणि पैसा पुरत नाही, परवाना लागतो. जून ते ऑगस्ट या काळात दिवसाला २५ खासगी यांत्रिक होड्या आणि मोठी प्रवासी जहाजे दोनच, असा तेथील दंडक आहे. अफाट समुद्राला कुलूप कशाला, असा प्रश्न सागरप्रेमी करतात. चार माणसांची होडी देवमाशाचे काय वाकडे करणार, असेही विचारले जाते. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. म्हणूनच तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१७९४ साली व्हँकुव्हरच्या मोहिमेतील खलाशी येथे आले, तेव्हा हा उपसागर जवळजवळ नव्हताच; होती ती बर्फाची भिंत. १८७९ मध्ये जॉन म्यूर हा निसर्गाभ्यासक ट्लिंगिट वाटाड्यांसह होडीने आला, तोवर हिमनदी मैलोगणती मागे हटली होती आणि १९१६ पर्यंत ती सुमारे १०० किलोमीटर आत गेली. बर्फाने सोडलेल्या जागेत शेवाळ, झुडपे, अरण्य आणि त्यामागोमाग प्राणी आले. उजाड खडकावर जीवसृष्टी कशी मूळ धरते, हे पाहावयाचे तर असे दुसरे ठिकाण विरळाच. १९२५ मध्ये या प्रदेशाला संरक्षण मिळाले आणि १९८० मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला.

येथील प्राणिजीवन लहान होडीतून जसे दिसते तसे उंच जहाजाच्या सज्जावरून दिसत नाही, हे खरे. परंतु लहान होडी निरुपद्रवी असते, हा मात्र भ्रम होय. जेथे जहाज शिरू शकत नाही तेथे होडी शिरते. तरंगत्या हिमखंडांवर सील माद्या पिलांना पाजत असतात. निःशब्द येणाऱ्या वल्ह्याच्या होडीनेही बिचकून त्या थंड पाण्यात उड्या घेतात आणि पिलांची ताटातूट होते. यास्तव जॉन्स हॉपकिन्स खाडीचा आतला भाग मे-जूनमध्ये होड्यांना बंद असतो. हंपबॅक देवमासे हवाईच्या उबदार पाण्यातून येथे पोट भरण्यासाठी येतात. त्यांच्यापासून पाव सागरी मैल, म्हणजे सुमारे ४६० मीटर, दूर राहावे लागते. हा नियम अनाठायी नाही. २००१ साली उपसागराच्या तोंडाशी एक गाभण मादी कवटी फुटून मेलेली आढळली. देवमाशांच्या सान्निध्यात जहाजाचा वेग आवरला नाही, हा गुन्हा संबंधित जहाज कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला. तेव्हा पाहणाऱ्याचे प्रेम हे प्राण्याचे संरक्षण ठरत नाही.

तथापि मर्यादा सर्वांना सरसकट लावली की ती न्याय्य होतेच असे नाही. हूना ट्लिंगिट लोकांची ही पूर्वजभूमी. अठराव्या शतकात पुढे सरकलेल्या हिमनदीने त्यांना येथून हुसकावले. बर्फ हटताच ते सील आणि कुरव पक्ष्यांची अंडी यांसाठी पुन्हा येऊ लागले. पुढे कायद्याने अंडी गोळा करणे बंद केले. वास्तविक या लोकांची रीत अशी, की एक-दोन अंडी असलेल्या घरट्यातूनच ती उचलावी, कारण पक्षीण पुन्हा अंडी घालते. तीन अंडी असलेल्या घरट्याला हात लावू नये. ज्यांनी हा संयम पिढ्यान्‌पिढ्या पाळला, त्यांनाच संरक्षणाच्या नावाखाली परके ठरविण्यात आले. २०१४ च्या कायद्याने या प्रथेला पुन्हा वाट करून दिली आणि २०१६ मध्ये उद्यानातच त्यांचे परंपरागत सभागृह उभे राहिले. उशिरा का होईना, चूक सुधारली गेली, हे स्वागतार्ह होय.

मर्यादा ही सरकारी कचेरीत जन्मलेली गोष्ट नव्हे, हाच याचा मथितार्थ. कुरवाच्या घरट्यापुढे थांबणारा हात आणि परवान्यासाठी थांबणारी होडी यांच्यामागे विवेक एकच आहे. सव्विसाव्या होडीला त्या दिवशी परतावे लागते, ही तिच्यावरील अन्यायाची खूण नव्हे. उद्या तिची पाळी येईल तेव्हा पाहण्यासारखे काही शिल्लक असावे, यासाठी मोजलेली ती किंमत आहे आणि ती मुळीच जबर नाही.