दिव्याचे बटण कोणाच्या हाती?

आषाढातील एखाद्या दुपारी चोर्ला घाट उतरताना जे दृश्य दिसते ते आमच्या वाहनचालकांच्या चांगलेच परिचयाचे आहे. पाऊस कोसळत असतो, दरीतून धुके वर चढत असते आणि पुढे चाललेली गाडी अगदी जवळ येईपर्यंत नजरेस पडत नाही. मग लक्षात येते, की ही गाडी कोरी करकरीत आहे. तिच्या तोंडावर दिवसाचे पांढरे दिवे लखलखत आहेत, पण पाठीमागे मात्र सगळा अंधार आहे! तिचा चालक बेफिकीर असतो असे नव्हे. त्याच्या समोरचा डॅशबोर्ड उजळलेला असतो, दिव्यांचे बटण 'ऑटो'वर असते आणि दिव्यांची चिंता गाडीच वाहील असे त्याला विक्रेत्याने बजावून सांगितलेले असते. गाडीने आभाळातला पांढुरका उजेड मोजला आणि 'अजून दिवस आहे' असा निर्वाळा दिला. मागून येणाऱ्याच्या जिवाचा विचार करणे तिच्या हिशेबात नव्हते.

स्वयंचलित दिव्यांविषयी चालकवर्गातून जी कुरकुर हल्ली ऐकू येते तिचे मूळ येथे आहे. ही कुरकुर म्हणजे नव्याला नाके मुरडणाऱ्या म्हाताऱ्यांची तक्रार, असे समजून ती उडवून लावणे योग्य होणार नाही. समोरच्या काचेच्या आतील बाजूस बसविलेला संवेदक उजेड मोजतो. दिसते किती, हे तो मोजत नाही. धुक्यात उजेड पुष्कळ असू शकतो, पण दृष्टी चालत नाही. आमच्या कायद्याने मात्र हा भेद ओळखला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०५ वा नियम सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाचा हिशेब सांगून थांबत नाही. पुरेसा उजेड नसेल त्या कोणत्याही वेळी दिवे लावावेत आणि त्या दिव्यांत १५५ मीटरवरील माणसे व वाहने स्पष्ट दिसावीत, असे तो म्हणतो. म्हणजे नियमाचा निकष दृष्टी हा आहे, तर यंत्राचा निकष नुसता उजेड. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठी चालक नावाचा माणूस बसलेला असतो, आणि नेमकी त्यालाच आता विश्रांती घेण्यास सांगितले जात आहे.

यंत्राची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. माणूस विसराळू आहे. तिन्हीसांजेला दिवा लावण्याचे राहून जाते, बोगद्यात शिरताना हात बटणाकडे वळत नाही. फिनलंडने १९७२ साली हिवाळ्यात गावाबाहेरील रस्त्यांवर, आणि स्वीडनने १९७७ साली सर्वत्र व सर्वकाळ, दिवसाही दिवे लावण्याची सक्ती केली. तेथील सूर्य हिवाळ्यात क्षितिजावरच रेंगाळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सक्तीमागील शहाणपण पटते. आमच्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबरच लागू लागला. आरंभी वाटेवरचा प्रत्येक सज्जन बोटे उघडमीट करून 'दिवा चालू आहे' असे स्वारास खुणावीत असे आणि बिचारा स्वार मान हलवून कंटाळून जाई. पण दुचाकीस्वार इतरांना दिसावा हा त्यामागील हेतू निखालस चांगला होता, आणि त्यास आमचा विरोध नव्हता व नाही.

विरोध आहे तो अर्धवट चातुर्यास. रात्री लांब झोताचे दिवे आपोआप लावणारी व समोरून गाडी येताच ते खाली करणारी योजना घ्या. ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५२ सालीच असा 'डोळा' आपल्या मोटारींत बसविला होता. सत्तर वर्षांत त्यात पुष्कळ सुधारणा झाली, हे खरे. तरीही समोरच्या गाडीचे दिवे दिसल्यावाचून जो डोळा जागा होत नाही, त्याला घाटातील वळणापलीकडचा उजेड कळत नाही. अनुभवी चालक झाडांवर पडलेल्या प्रकाशावरूनच कोणी येत असल्याचे ओळखतो आणि आधीच डिप्पर देतो. डांबरी रस्त्याच्या कडेने हातात पिशवी घेऊन घरी निघालेल्या पादचाऱ्याजवळ तर दिवाच नसतो. त्याचे डोळे दिपले तरी यंत्रास त्याची दखल घेण्याचे कारण उरत नाही.

शिवाय दिवा ही रस्त्यावरची भाषा आहे. आमच्याकडे दिवा उघडमीट केला म्हणजे 'मी येतो आहे, तू थांब' असा त्याचा अर्थ होतो. भर दुपारी माडांच्या आणि वडांच्या गर्द सावलीतून जाताना गाडीचे दिवे आपणहून लागले व विझले, तर समोरच्याने त्याचा काय अर्थ घ्यावा? मालवाहू ट्रकांच्या पाठीवर 'रात्री डिप्पर वापरा' अशी विनंती पिढ्यान्पिढ्या रंगविलेली आहे. ती विनंती माणसाने माणसास केलेली आहे. अंगणात बसलेल्या मंडळींच्या तोंडावर झोत पडू नये म्हणून दारात थांबताच दिवा मालवण्याची आमच्या गावांतील रीतही त्याच सौजन्याची. इंजिन चालू असेतो दिवा विझू न देणारी गाडी चालकास हे सौजन्यही पाळू देत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. ज्या कॅनडाने १९८९ च्या डिसेंबरपासून नव्या गाड्यांना दिवसाचे दिवे सक्तीचे केले, त्याच कॅनडास पुढे पाठीमागे अंधार असलेल्या या 'भुताटकीच्या गाड्यां'नी हैराण केले. तेव्हा सप्टेंबर २०२१ पासून तेथे नवा दंडक आला : अंधारात पुढच्या दिव्यांबरोबर मागचे दिवेही लागावेत, किंवा सर्व दिवे आपोआप लागावेत, अथवा चालकाच्या समोरचा डॅशबोर्ड काळोखा राहावा, म्हणजे दिवे लावावयाचे आहेत हे त्यास कळेल. या तिसऱ्या पर्यायातील साधेपणा आम्हांस विशेष भावतो. तो यंत्रास अधिक शहाणे करीत नाही; माणसास फसवू नये एवढेच त्यास सांगतो.

आमच्या मागण्याही इतक्याच साध्या आहेत. पुढे दिवा असेल तेव्हा मागेही असावा. उभ्या गाडीचा दिवा मालवण्याचा आणि लांब झोत हाताने खाली करण्याचा अधिकार चालकाकडे राहावा. त्यासाठी पडद्यावरील चित्रांच्या चार पायऱ्या उतराव्या लागू नयेत, हाताला लागेल असे बटण असावे. वाहतूक खात्याने परवाना देताना या बटणाची परीक्षा घ्यावी आणि वाहनशाळांनी ते शिकवावे. आणि तोवर आमच्या वाचकांनी घाटाच्या तोंडाशी, धुके वा पाऊस दिसताच, 'ऑटो'वरचे बटण स्वतःच्या हाताने फिरवावे. अपघात झाल्यास पोलीस पंचनाम्यात चालकाचे नाव लिहितात, संवेदकाचे नव्हे. जबाबदारी ज्याची, बटणही त्याच्याच हाती हवे.