सन्मान शेतकऱ्याचा की सातबाऱ्याचा?

पीएम किसान सन्मान निधीचा हप्ता जमा झाल्याची बातमी आली की चर्चा एकाच मुद्द्याभोवती फिरते: अपात्रांनी किती पैसे लाटले. जुलै २०२१ मध्ये तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्र्यांनी संसदेत ४२ लाखांहून अधिक अपात्र लाभार्थ्यांच्या खात्यांत सुमारे तीन हजार कोटी रुपये गेल्याचे सांगितले होते. ती वसुली व्हायलाच हवी. पण जो पैसा नियमात बसवूनच चुकीच्या खात्यात जातो, त्याबद्दल अवाक्षर निघत नाही. केंद्राचे ६ हजार आणि राज्याच्या ‘नमो’ योजनेचे ६ हजार, असे वर्षाचे १२ हजार रुपये मिळतात ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. जमीन खंडाने देऊन तालुक्याला दुकान चालवणारा, आयकर न भरणारा खातेदार पात्र आहे. तीच जमीन बटईने किंवा मक्त्याने करणारा, बी-खत उधारीवर उचलणारा, सोयाबीन पाण्यात गेल्यावर देणेकऱ्यांना तोंड देणारा माणूस या योजनेच्या लेखी शेतकरीच नाही.

अशी माणसे मूठभर नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील १७ टक्क्यांहून अधिक वहिती खात्यांमध्ये भाड्याने घेतलेली जमीन आढळली, आणि तोंडी व्यवहार पाहता खरा आकडा याहून मोठाच असणार. केंद्राच्याच २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात कुळे, वाटेकरी आणि शेतमजूर यांनाही शेतकरी म्हटले आहे. मग सन्मान निधीची नियमावली लिहिताना ही व्याख्या कुठे गेली? अतिवृष्टीच्या मदतीचीही हीच गत. पंचनामा पिकाचा होतो, पैसा खातेदाराला जातो. पीक विम्याचे दार उघडे आहे म्हणावे, तर तिथे नोंदणीकृत भाडेकरार मागतात, आणि तो करून द्यायला मालक तयार नसतो.

जमीन हातची जाईल या मालकाच्या भीतीला इतिहास आहे, हे मान्य. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कुळे कायद्याने मालक ठरली, ती आठवण गावोगाव जिवंत आहे. त्यामुळे व्यवहार तोंडीच होतात, आणि म्हणूनच ‘कसणाऱ्याची नोंदच नाही, तर पैसे द्यायचे कोणाला?’ असा आक्षेप घेतला जातो. पण नोंद नाही ती सरकारने करायची ठरवली नाही म्हणून. ओडिशाच्या ‘कालिया’ योजनेत वाटेकऱ्यांना आणि भूमिहीनांना स्थान मिळाले. आंध्र प्रदेशाने २०१९ च्या कायद्याने कसणाऱ्याला ११ महिन्यांचे ओळखपत्र दिले. त्यामुळे मालकी हक्काला धक्का लागत नाही. मात्र ओळखपत्रासाठी मालकाची सही लागते, ही त्यातली मोठी उणीव. आपल्याकडे २०२१ पासून ई-पीक पाहणी होते. बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढता येतो, तर पीक कोणी घेतले याचा एक रकाना का वाढवता येत नाही? ग्रामसभेसमोर त्या यादीचे वाचन करा. कोणाची शेती कोण करतो हे गावाला विचारायची गरज पडत नाही, ते गावाला पाठ असते. मालकाचे पैसे तोडा, असेही म्हणणे नाही. पण ‘शेतकरी सन्मान’ असे नाव देऊन जमीनमालकीला भत्ता वाटणे ही फसवणूक आहे.

बायकांची कथा तर याहून वाईट. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात महिला वहितीधारक जेमतेम १४ टक्के. खुरपणी, वेचणी, काढणी यांत मात्र त्या कायम पुढे. त्यात आता जमिनीच्या नोंदींना जोडलेला शेतकरी ओळख क्रमांक राज्यात कृषी योजनांसाठी सक्तीचा झाला आहे. म्हणजे ज्याच्या नावावर तुकडा नाही, त्याला पुढची प्रत्येक योजना आपोआप बंद. हा क्रमांक घट्ट रुजण्याआधीच त्यात कसणाऱ्यांची स्वतंत्र नोंद सुरू करावी आणि पुढचा हप्ता त्या नोंदीवर द्यावा. सातबारा जमीन कोणाची एवढेच सांगतो. ती पिकवतो कोण, हे विचारण्याची जबाबदारी सरकारची आहे.

– एक वाचक, हिंगोली