रजेच्या कागदावर कामही लिहा

नितीन गडकरी यांनी 2011 मध्ये वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिची राज्यभर चर्चा झाली. नेत्याला आपला दिवस आखता येतो. पगारी माणसाला रजा मागावी लागते.

दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर टेबलावरचे काम साधारण दोन-तीन आठवड्यांत सुरू करता येते. पण खुटबाव परिसरातल्या गुऱ्हाळावर ढेपा उचलणाऱ्याला तेवढीच रजा कशी पुरेल? जड ओझ्यासाठी चार ते सहा आठवडे थांबावेच लागते. बाहेरची जखम भरली म्हणजे आतलीही भरली, असे नसते.

रेल्वेने पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्याची अडचण वेगळी. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण भाग काढलेला असतो. जेवण थोडेथोडे, पाणी घोटाघोटाने, आणि दोन्ही एकाच वेळी नाही. उभ्याने प्रवास आणि जेवणाची घाईची सुट्टी यांत पाणीच राहून जाते. मग चक्कर येते आणि ‘ऑपरेशन बिघडले’ अशी कुजबुज सुरू होते. (आग्रहाचा पेढाही या काळात नकोच.)

म्हणून डॉक्टरांनी रजेच्या कागदावर नुसते दिवस लिहू नयेत. किती किलो ओझे कधीपर्यंत उचलायचे नाही, तेही लिहावे. मालकांनी सुरुवातीचे काही महिने दिवसातून दोनदा दहा मिनिटे जास्तीची सुट्टी द्यावी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी.