रापणे आणि भाजणे

अंकासाठी काहीतरी लिहून दे, असे सरांनी सांगितले तेव्हा मी प्रथम ग्रंथालयात जाऊन आपल्या महाविद्यालयाचे मागील काही वार्षिकांक काढून बसले. म्हटले, लोक काय लिहितात ते तरी पाहावे. आमच्या घरात माझ्याआधी महाविद्यालयाची पायरी कोणी चढलेले नाही; तेव्हा घरी विचारणार कोणाला? अंक चाळताना एक गोष्ट मात्र सारखी भेटत राहिली. जवळजवळ प्रत्येक अंकात कुठे ना कुठे 'उन्हात रापलेला चेहरा' आहेच. कधी तो बापाचा, कधी आईचा, कधी नुसत्याच 'कष्टकऱ्याचा'. आणि तो नेहमी सुंदर असतो! या सगळ्या कवितांत तो एकदाही दुखत नाही.

माझी आई कांदे काढायला जाते. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा अधिकार मला आहे, असे मी धरून चालते.

आपण मराठीचे विद्यार्थी शब्दांचा कीस काढतो, म्हणून शब्दांपासूनच सुरुवात करू. 'ऊन लागले' म्हटले की चक्कर, ताप, उलटी असा अर्थ आपण घेतो. तो उष्माघाताचा प्रकार. 'रापणे' म्हणजे रंग बदलणे, आणि त्यात कौतुकाची एक छटा असते. पण कातडी लाल होते, कढत लागते, फोड येतात, मग सोलून निघते, त्याला काय म्हणायचे? त्यासाठी आपण चुलीकडून शब्द उसने आणतो. भाजले, पोळले, करपले. भाकरी भाजते तसे. शहरात त्याला 'सनबर्न' म्हणतात आणि तो समुद्रकाठी सहलीला गेलेल्या गोऱ्या लोकांना होतो, असा माझाही परवापरवापर्यंत समज होता.

गेल्या एप्रिलात तो समज गेला. अभ्यासासाठी सुटी होती आणि आईच्या टोळीत एक हात कमी पडत होता. आमच्या निफाडच्या बाजूला मार्च अखेरपासून उन्हाळ कांदा निघू लागतो. कांदा उपटायचा, ओळीने पसरून दोन-चार दिवस सुकू द्यायचा, मग उकिडवे बसून विळ्याने पात कापायची. दिवसभर मान खाली आणि पाठ वर. जुन्या बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालतात. मला तो शर्ट घालायची लाज वाटली. मी अर्ध्या बाह्यांच्या ड्रेसवर गेले. तोंडाला मात्र महाविद्यालयात येताना बांधते तसा स्कार्फ घट्ट बांधला. तोंड काळे पडू नये ही काळजी. हात भाजतील हे डोक्यातच आले नाही.

दुपारी काही जाणवले नाही. हीच यातली फसवणूक आहे. उन्हाने भाजलेले तव्याच्या चटक्यासारखे लगेच कळत नाही. ते काही तासांनी वर येते आणि साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त पेटते. सूर्याची अतिनील किरणे डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांचा चटकाही बसत नाही, म्हणून 'आज ऊन कमी आहे' हा आपला अंदाज चुकतो. ढगाळ दिवशीसुद्धा ती बरीचशी खाली पोहोचतात. आमच्या सावळ्या रंगावर लाली फारशी दिसत नाही. हात लावला की कातडी कढत लागते, एवढीच खूण.

त्या रात्री मी आणखी एक शहाणपणा केला. एका वृत्तपत्राच्या पुरवणीत 'उन्हाचा काळेपणा घालवा' असे सांगून बेसन, हळद आणि लिंबाचा रस यांचा लेप दिला होता. तो मी दोन्ही हातांना चोळला. आग आग झाली. काळेपणा जातो आहे म्हणून होत असेल, असे समजून मी सहन केली! सकाळी हात जेमतेम धुऊन पुन्हा शेतात गेले. संध्याकाळपर्यंत मनगटाच्या वर फोड आले आणि ते गेल्यावर जे गडद डाग पडले ते दिवाळीपर्यंत टिकले. लिंबाच्या रसात अशी द्रव्ये असतात की ती कातडीवर असताना ऊन पडले तर कातडी अधिकच भाजते, हे मला नंतर विज्ञान शाखेच्या एका मैत्रिणीने सांगितले. पुरवणीत ते नव्हते. तिथे सारा प्रश्न रंगाचा होता.

आईने हात पाहिले आणि एक शब्द न बोलता मोरीत नेऊन माठातले पाणी त्यांच्यावर धरले. मग दाराशी तेलाच्या जुन्या डब्यात लावलेल्या कोरफडीचे एक पान कापले. ती वाकून पान सोलत असताना शर्टाच्या कॉलरच्या वर तिची मान मला दिसली. दिव्याच्या उजेडात, इतक्या जवळून, बहुधा पहिल्यांदाच. वाळलेल्या तळ्याच्या मातीसारख्या भेगा, आणि मध्ये रुपयाएवढी सोललेली जागा. मी विचारले, "आई, हे कधीपासून?" ती म्हणाली, "ते दर साली सोलतंय. आपल्याला कशाचं ऊन लागतंय, आपली कातडी कामाची हाये."

हे वाक्य मला त्या फोडांपेक्षा जास्त झोंबले. कारण तेच आपल्या कवितेतही आहे, फक्त जरा चांगल्या भाषेत. सावळ्या कातडीत मेलॅनिन अधिक असते आणि ते ऊन काही प्रमाणात अडवते, हे खरे. काही प्रमाणातच. बाकीचे ती बाई सोसते, आणि आपण त्याला रापणे म्हणतो.

आता त्या औषधाविषयी. मी त्यानंतर आईच्या पद्धतीत थोडी भर घालून घरीच लोशन करते. माझ्या काही मैत्रिणींनी कृती विचारली होती, म्हणून इथे सविस्तर देते. कोरफडीचे खालचे जाड पान घ्यावे. कापल्यावर ते कापलेली बाजू खाली करून भांड्यात पंधरा-वीस मिनिटे उभे ठेवावे, म्हणजे पिवळा चीक गळून जातो. हा चीक टाळू नका. (टाळू नका म्हणजे तो काढून टाकायला विसरू नका, घेऊ नका!) तो कडू असतो आणि कातडीला झोंबतो; तोच आटवून जुन्या लोकांचा रेचक काळा बोळ होतो. मग पान धुऊन काटेरी कडा कापाव्यात, हिरवी साल काढावी, गर पुन्हा एकदा धुवावा आणि घोटून स्वच्छ सुती फडक्यातून गाळावा. चार चमचे गराला दोन चमचे काकडीचा गाळलेला रस आणि औषधाच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन अर्धा चमचा, एवढेच. हळद नको, लिंबू नको, अत्तर नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहावे, कारण काहींना कोरफडही सोसत नाही. यात टिकवणारे द्रव्य काहीच नसल्यामुळे हे एका रात्रीपुरते करावे. थंडपेटी असेल तर दोन दिवस. वास बदलला की फेकून द्यावे.

लावण्याआधी भाजलेल्या जागेवर दहा-पंधरा मिनिटे गार पाणी किंवा ओले फडके ठेवावे. बर्फ चोळू नये. ताज्या भाजल्यावर तेल-तूप थापू नये, आतली आग कोंडते. फोड आले असतील तर ते फोडू नयेत आणि फुटलेल्या फोडावर हे घरगुती प्रकरण लावू नये, तिथे दवाखाना. ताप, भोवळ, बडबड असेल तर तो लोशनचा विषय राहिलाच नाही. त्या माणसाला सावलीत घेऊन गार पाण्याने पुसत पुसत ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे.

या लोशनने होते काय? कोरफडीच्या गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. आग शमते, कातडी ताणत नाही, रात्री झोप लागते. मला ही झोप फार मोठी गोष्ट वाटते, कारण पहाटे पाचला पुन्हा उठायचे असते. पण जखम याने लवकर भरते असे मी म्हणणार नाही. गोरेपणा तर मुळीच येत नाही. १९७५ साली आपल्याकडे बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० साली बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले, पण सुटीनंतर मी वर्गात आले तेव्हा पहिला प्रश्न "किती काळी पडलीस गं!" असाच आला. "दुखतं का?" असे एकीनेही विचारले नाही. तिला दोष देत नाही. फोड येईपर्यंत मीही आईला विचारले नव्हते.

आणि लोशन रात्रीचे आहे. ऊन दिवसाचे आहे. अतिनील किरणे दहा ते चारच्या दरम्यान सर्वांत प्रखर असतात, आणि टोळी नेमकी त्याच वेळी वाकलेली असते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांती आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, असे लिहिले गेले. खाजगी शेतावर ते कोण पाहणार? शेतमालकाला खलनायक करणे सोपे आहे. कथेत मी केलेही असते. पण ज्यांच्या शेतात आम्ही गेलो ते स्वतः पोराबाळांसह आमच्या शेजारच्या ओळीत वाकलेले होते. अवकाळी येईल, पसरलेला कांदा भिजेल, ही धास्ती त्यांना. काम उक्ते, एकरावर ठरलेले. म्हणून दुपारी थांबायला बायकाच तयार नसतात. थांबले की दिवस वाढतो आणि मजुरी तीच राहते. सावलीची किंमत अशी मजुरीच्या खिशातून जाते, तोवर कोरफडीने फार काही साधणार नाही, हे मला कळते.

तरी मी टोळीत बोलून पाहिले. पहाटे उजाडताच सुरू करू, अकराला उठू, पुन्हा चारला बसू. पुरवणीतले नव्हे, स्वतःच्या हातांवरचे डाग दाखवून बोलले म्हणून बायकांनी ऐकले. दोन दिवस जमले. तिसऱ्या दिवशी पश्चिमेला ढग दिसले आणि सगळ्या सूर्य डोक्यावर असताना बसल्या, मीही बसले. या वेळी शर्ट घातला होता, वडिलांचा, कॉलर उभी करून. आईनेही मानेवरून फडके घेतले, मी हट्ट केला म्हणून.

शेजारच्या मावशी रोज संध्याकाळी वाटी घेऊन येतात. डब्यातली कोरफड त्यामुळे अगदी खुरटली आहे. मी त्यांना दोन पिले काढून दिली आहेत, ती लागली असे काल त्यांनी कळवले.